हाँगकाँग : कौलूनच्या 'किल्ल्या'साठी अर्धा दिवस काढावा का?

शेवंती_७९
नमस्कार मंडळी,
दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस हाँगकाँगला जातोय. मी, नवरा, नऊ वर्षांचा चिरंजीव आणि माझी आई (वय ७०, डावा गुडघा कुरकुरतो). डिस्नेलँड, मोठा बुद्ध, पीकची ट्राम हे सगळं बसवून झालं. शेवटच्या दिवशी सकाळ मोकळी आहे. मी म्हटलं बाजारात फिरू. पण नवऱ्याने कुठेतरी वाचलं की भर शहरात, एका बागेत, चिनी बादशाही काळातला किल्ला आहे. कौलून वॉल्ड सिटी पार्क. तेव्हापासून त्याचा हट्ट सुरू आहे. ह्या माणसाने हनिमूनलाही मला मुरुड-जंजिऱ्याला नेलं होतं, म्हणजे कल्पना करा.
कोणी पाहिलाय का? आईला चढ झेपेल का? मुलगा कंटाळेल का? आणि मुख्य म्हणजे, अर्धा दिवस घालवण्यासारखं तिथे काही आहे का?

गडकोट_वेडा
नाही. तट नाही, बुरूज नाही, माची नाही. चार झाडं, एक तळं आणि पॅगोडा छापाची छपरं. आम्ही २०१८ साली मोठ्या अपेक्षेने गेलो आणि वीस मिनिटांत बाहेर पडलो. किल्ला म्हणून जाणार असाल तर जाऊच नका.

मिरजेची_सतार
चढ नाही हे तर कळलं. आईंचा प्रश्न सुटला :)

कौलूनकर
मी अकरा वर्षं इथे राहतो, बागेपासून चालत पंधरा मिनिटांवर. गडकोट, वीस मिनिटांत बाहेर पडलात म्हणजे बहुतेक दक्षिण दरवाजा न बघताच आलात. बहुतेकांचं तेच होतं, कारण तो मान वर करून शोधतात. तो खाली आहे.
बागेच्या दक्षिण अंगाला कठडा घातलेला एक खोलगट भाग आहे. त्यात दरवाज्याचा दगडी पाया, आत शिरणाऱ्या वाटेच्या फरश्या आणि तटाच्या आतल्या बाजूने जाणारं गटार दिसतं. १९९४ साली वरच्या इमारती पाडून झाल्यावर उत्खननात हे सापडलं आणि जागच्या जागी राखलं. तिथेच ग्रॅनाइटच्या दोन पाट्या निघाल्या, तुटलेल्या. एकीवर कोरलंय 'दक्षिण दरवाजा', दुसरीवर गावाचं नाव. त्या नावातल्या अक्षरांचा अर्थ 'किल्ला' असा नाही लागत. 'गढी' म्हटलं तर जवळपास बरोबर. शेवंतीताई, यजमानांना आत्ताच सांगून ठेवा : दुर्ग नव्हे, गढी. मग अपेक्षाभंग व्हायचा नाही.
बागेच्या मधोमध यामेन आहे, म्हणजे आपली मामलेदार कचेरी. एकामागे एक तीन ओळींत बांधलेली, १८४७ ची. सगळ्या गढीतली तेवढी एकच इमारत उभी राहिली. दारात दोन तोफा आहेत, १८०२ साली ओतलेल्या.
प्रवेश फुकट. सकाळी साडेसहापासून रात्री अकरापर्यंत उघडं. सुंग वाँग तोई स्टेशनला उतरून दहा मिनिटं चालायचं, सगळं सपाट.

गडकोट_वेडा
गटार बघायला हाँगकाँगला जायचं? ते आमच्या वॉर्डात मुबलक आहे.

कौलूनकर
तुमच्या वॉर्डातलं पावणेदोनशे वर्षांचं आहे का? हलके घ्या.

पेठेतला_पाहुणा
शनिवारवाड्यासारखंच की मग. बाहेरून येणारा पाहुणा दिल्ली दरवाजा बघून हरखतो, आत गेला की विचारतो, "वाडा कुठाय?" आत नुसती जोती आणि हिरवळ. फरक इतकाच की आमच्याकडे तट राहिला नि वाडा जळाला. त्यांच्याकडे तट गेला नि कचेरी राहिली.

इतिहासाचा_कीडा
पेठेतले पाहुणे, तुलना चांगली, पण खरी गंमत पुढेच आहे. थोडं लांबण लावतो.
अफूच्या युद्धात चीन हरला आणि १८४२ च्या तहात हाँगकाँगचं बेट इंग्रजांकडे गेलं. समोरचा कौलूनचा किनारा अजून चिंग बादशहाचा. नाकासमोर शत्रू येऊन बसला म्हटल्यावर तिथल्या जुन्या ठाण्याभोवती दगडी तट बांधायला घेतला, तो १८४७ मध्ये पुरा झाला. चार दरवाजे, सहा टेहळणीचे बुरूज, आत फौज आणि अधिकारी. क्षेत्रफळ जेमतेम साडेसहा एकर. तेव्हा समुद्रही आजच्यापेक्षा बराच जवळ होता.
१८९८ मध्ये इंग्रजांनी आजूबाजूचा सगळा मुलूख ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला. करारात एक कलम राहिलं : गढीतले चिनी अधिकारी तिथेच राहून कारभार करतील, हाँगकाँगच्या संरक्षणाला बाध येत नाही तोवर. झालं. सगळीकडे इंग्रज आणि मधे साडेसहा एकर बादशहाचे. पुढच्याच वर्षी, मे १८९९ मध्ये, इंग्रज फौज घेऊन आत घुसले, तर आत फौज नाहीच! त्यांनी चिनी अंमल संपल्याचं एकतर्फी जाहीर केलं. चीनने ते कधीच मान्य केलं नाही. चिनी अधिकारी गेले, पण चीनचा दावा गेला नाही. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं त्या तुकड्यावर राज्य नक्की कोणाचं, हे कागदावर धड कुणालाच सांगता येईना.
तट गेला तो दुसऱ्या महायुद्धात. जपान्यांनी शेजारचा काई ताक विमानतळ वाढवायला त्याचे दगड नेले. तेव्हा गडकोट, तुमचा तट धावपट्टीखाली शोधा.

हवालदार_झुंबरलाल
"साहेब, मारामारी झालीय."
"कुठं?"
"तटाच्या आत."
"मग ते आमच्या हद्दीत येत नाही."
नव्वद वर्षं हेच. आपल्याकडे दोन पोलीस ठाण्यांच्या मधल्या नाल्यात मोटारसायकल पडली तरी हेच ऐकायला मिळतं, त्यांना निदान दोन देश लागले.

मिरजेची_सतार
हसून हसून पुरेवाट, झुंबरलाल!

इतिहासाचा_कीडा
झुंबरलाल, विनोद फर्मास आहे, पण शंभर टक्के बरोबर नाही. पोलीस आत जात असत. १९७३-७४ मध्ये तर तीन हजारांच्या वर धाडी पडल्या. त्याआधी मात्र अफू, जुगार आणि टोळ्यांचं राज्य होतं हे खरं. १९४८ मध्ये सरकारने तिथल्या झोपड्या हटवायचा प्रयत्न केला तर दंगल झाली आणि पडसाद चीनमध्ये उमटले. त्यानंतर सरकारचं धोरण म्हणजे 'हात लावू नका'.

लालबागची_पोर
थांबा थांबा. म्हणजे लोक तिथे राहत होते?

कौलूनकर
राहत होते म्हणजे! किल्ल्यापेक्षा त्यासाठीच ही जागा जगाला माहीत आहे. १९८७ च्या सरकारी मोजणीत ३३,००० लोक. साडेसहा एकरांत. मुंबईकरांसाठी : ओव्हल मैदानाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी जागा. तीनशेच्या वर इमारती एकमेकींना चिकटून, काही चौदा मजली. त्याहून उंच जाता येईना, कारण विमानं थेट डोक्यावरून उतरायची. कोणाचा नकाशा नाही, परवानगी नाही. खालच्या गल्ल्यांत ऊन पोहोचत नसे, दिवसाही ट्यूबलाइट. वरून पाण्याचे पाइप ठिबकत असायचे. बाहेर कोरडं असलं तरी आत माणसं छत्री उघडून चालत.
ह्या सगळ्या ढिगाच्या मधोमध ती कचेरी तशीच उभी होती. तिच्यात कधी वृद्धाश्रम, कधी शाळा, कधी दवाखाना. दाराजवळ सगळ्या वस्तीचं काशाचं मॉडेल ठेवलंय, ते आधी बघा. मग बागेत उभं राहून हे सगळं इथे होतं अशी कल्पना करायचा प्रयत्न करा. मला अकरा वर्षांत जमलेलं नाही.

हर्णे_बंदर
मी आत गेलेलो आहे. म्हणजे अगदी आत नाही, उंबरठ्यावर.
१९८५ साल. मी जहाजावर चौथा इंजिनियर. सिंगापूर सोडल्यापासून दाढ ठणकत होती. लवंग धरून धरून तोंडाला चव राहिली नव्हती. हाँगकाँगला जहाज लागलं तर एजंटाने सांगितलेला दंतवैद्य इतके पैसे मागत होता की दाढ परवडली. आमचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, चिनी होता. तो म्हणाला, चल. टॅक्सीने एका रस्त्यावर नेलं, तुंग ताऊ त्सुएन रोड. ओळीने दंतवैद्यांची दुकानं. दुकानंच, दवाखाने नव्हेत. काचेमागे कवळ्या मांडलेल्या, आपल्याकडे सोनाराकडे पाटल्या मांडतात तशा. त्यांच्या डोक्यावर ही एवढी इमारतींची भिंत. प्रत्येक गॅलरीला पिंजरा, पिंजऱ्यात कपडे, कुंड्या, टीव्हीचे अँटेने.
वैद्य साठीचा असेल. बोसन म्हणाला, हा चीनमध्ये शिकलेला खरा डॉक्टर आहे, पण तिथली पदवी हाँगकाँगात चालत नाही, म्हणून इथे बसतो. भिंतीच्या आत परवाना विचारायला कोणी येत नाही. मी म्हटलं, परवाना राहू दे, पक्कड उकळलीये का विचार. त्याने हसून भांडं दाखवलं. वाफ येत होती.
दाढ काढली. एजंटाच्या डॉक्टरच्या निम्म्याहून कमी पैसे. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. खुर्ची थरथरली आणि कापूस जिभेवर पडला. वैद्याने वर बघितलंसुद्धा नाही.
मागच्या दारातून गल्ली दिसत होती. अंधार, एक पिवळा दिवा, ओली फरशी, आणि एक शाळकरी पोरगी दप्तर पाठीला लावून आत चालत गेली. तेवढंच बघितलं.

शेवंती_७९
काका, केवढं छान लिहिलंत! आता नवऱ्याला धागा दाखवला तर तो अर्ध्याचा पूर्ण दिवस करेल, म्हणून दाखवत नाहीये.

गिरगाव_चौपाटी
अवांतर, पण ह्या गढीचं आणि मुंबईचं नातं कोणीच काढलं नाही. ज्या अफूवरून ते युद्ध पेटलं, त्यातली बरीचशी माळव्याची, आपल्या मुंबई बंदरातून चीनला जाणारी. आणि १८४२ चा नानकिंगचा तह ज्या युद्धनौकेवर सह्या होऊन झाला, ती 'कॉर्नवॉलिस' मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली, १८१३ ची, सागवानी. म्हणजे अफू इथली, लाकूड इथलं, आणि तहाला घाबरून तट तिकडे.
अति अवांतर : हाँगकाँगची प्रसिद्ध फेरीबोट सुरू करणारे दोराबजी नवरोजीही मुंबईचे पारशीच. शेवंती, त्या बोटीत बसा. किल्ल्याचं ठरेल तेव्हा ठरेल.

पेठेतला_पाहुणा
मुंबईकरांना प्रत्येक गोष्ट गोदीपाशी नेऊन बांधायची सवय आहे.

गिरगाव_चौपाटी
आणि पुणेकरांना शनिवारवाड्यापाशी. वरती तुमचाच प्रतिसाद वाचा.

दौऱ्यावरचा_बाबू
मूळ मुद्द्याच्या बाहेरचं, पण कामाचं : भारतीय पासपोर्टला व्हिसा लागत नाही, पण आधी ऑनलाइन पूर्वनोंदणी लागते. फुकट आहे, पाच-दहा मिनिटांत होते. प्रत्येकाची वेगळी, मुलाचीसुद्धा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. आमच्या टूरवाल्याने माझ्या वडिलांच्या नावात एक अक्षर कमी टाकलं आणि मुंबईच्या चेक-इन काउंटरवर आमचा पाऊण तास घामटा निघाला.

शेवंती_७९
बापरे, बरं सांगितलंत. आईचं पासपोर्टवर माहेरचं नाव आहे!

लालबागची_पोर
मी काल रात्री जुने फोटो बघत बसले आणि मला चीडच आली. इतकी अजब जागा पाडून बाग? एक तरी इमारत ठेवायची! एक गल्ली! पुढच्या पिढीने काय नुसतं काशाचं मॉडेल बघायचं?

हर्णे_बंदर
पोरी, ज्याच्या घरावर वरच्याचं सांडपाणी ठिबकतं त्याला विचार.

लालबागची_पोर
काका, मी दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेय, सहा माणसं. संडासची रांग मला शिकवू नका :) म्हणूनच म्हणतेय. आमची चाळ पाडली तेव्हा आम्हाला घर मिळालं, लिफ्ट मिळाली, आईचे गुडघे सुटले. कोणी 'चाळ परत हवी का' विचारलं तर मी नाहीच म्हणेन. पण आज तिथे गेले तर ती कुठे होती हे मला दाखवता येत नाही. गेटवरचा वॉचमन विचारतो, "किधर जाना है?" एक जिना जरी ठेवला असता तरी चाललं असतं.

इतिहासाचा_कीडा
दोघांचंही पटतंय. माहितीसाठी : पाडायचा निर्णय १४ जानेवारी १९८७ ला जाहीर झाला, चीनशी बोलून. १९८४ मध्ये हाँगकाँग परत द्यायचं ठरलंच होतं, त्यामुळे हद्दीचं भांडणच निकालात निघालं. नुकसानभरपाई २७० कोटी हाँगकाँग डॉलर. तरी काही लोक हटेनात, शेवटच्यांना १९९२ मध्ये पोलिसांकरवी काढावं लागलं. मार्च १९९३ ते एप्रिल १९९४ पाडकाम, आणि डिसेंबर १९९५ मध्ये बाग खुली. घरं बहुतेकांना मिळाली. पण हर्णेकाकांच्या वैद्यासारख्यांचं काय? भिंतीबाहेर त्यांची पदवी शून्य. त्यांना पैसे मिळाले, धंदा नाही मिळाला.

कौलूनकर
माझा आक्षेप पाडण्यावर नाही, त्यावर जे बांधलं त्याच्यावर आहे. बाग चिंग काळाच्या सुरुवातीच्या दक्षिण चिनी शैलीची. सुंदर आहे, वाद नाही. पण ह्या जागेत अशी बाग कधीच नव्हती. इथे आधी शिपाई होते, मग दाटीवाटीने माणसं. आता बगीचा बघून पाहुण्याला वाटतं की बादशाही काळात इथे कोणी कवी कमळं बघत बसायचा. कचेरीतल्या खोल्यांमध्ये जुने फोटो, माहिती सगळं लावलंय, नाही असं नाही. पण लोक तळ्याशीच फोटो काढतात.

गडकोट_वेडा
हे मात्र मान्य. आणि माझीही चूक झाली, दक्षिण दरवाजा मी खरंच बघितला नव्हता. कठड्यावर मुलं बसली होती, मला वाटलं कारंजं असेल.

हवालदार_झुंबरलाल
गडकोटांनी चूक कबूल केली! धागा सोन्याने मढवा.

शेवंती_७९
(तीन आठवड्यांनी)
मंडळी, जाऊन आलो. उशीर झाला, पण वृत्तांत देते.
शेवटच्या दिवशी सकाळी साडेआठला पोहोचलो. आत म्हाताऱ्या माणसांचंच राज्य. कोणी हात हळूहळू फिरवत व्यायाम करतंय, कोणी पिंजऱ्यातला पक्षी फांदीला टांगून पेपर वाचतंय. आई एका बाकावर बसली आणि तिथून हललीच नाही. शेजारच्या आजींना मराठीत विचारलं, "गुडघे?" त्यांनी कँटनीजमध्ये काहीतरी उत्तर देऊन स्वतःचा गुडघा चोळून दाखवला. पाऊण तास छान गप्पा झाल्या.
चिरंजीवांचा प्रश्न बारा राशींच्या प्राण्यांनी सोडवला. दगडी पुतळे आहेत, जन्मसालावरून आपला शोधायचा. त्याचं २०१६, म्हणजे माकड. कोणाला नवल वाटलं नाही. आईचं १९५५, बोकड. नवऱ्याचं १९८३. डुक्कर! पोरगा दिवसभर "बाबा डुक्कर" करत फिरला. विमानात हवाईसुंदरीलाही सांगितलं.
मग दक्षिण दरवाजा. कौलूनकर, तुम्ही 'खाली बघा' म्हणालात म्हणून सापडला. नवरा कठड्याला रेलून किती वेळ गप्प उभा होता. मला वाटलं निराश झाला. तर म्हणतो, "उंबऱ्याचे दगड बघ, मधे झिजलेत." खरंच मधे खोलगट होते. शिपायांच्या पायांनी झिजले की नंतरच्या लोकांच्या, ते आम्हाला काही ठरवता आलं नाही. तोफांवर त्याने हात फिरवून पाहिला आणि लगेच हिशोब मांडला, की गढी १८४७ ची आणि तोफा १८०२ च्या, म्हणजे दुसरीकडून आणलेल्या. आता कीडासाहेबांनी सांगावं.
एक राहिलंच. बागेत एका मारधाडीच्या सिनेमाचा सेट आणून मांडलाय. त्या वस्तीतली गल्ली, दुकानं, लोंबणाऱ्या वायरी. गर्दी सगळी तिथे. लालबागची पोर, तुझी आठवण आली. गल्ली ठेवली नाही, म्हणून मग खोटी उभी केली. आणि खरं सांगू? मला ती आवडली. पोरगा त्या अरुंद बोळात शिरला आणि वर बघून म्हणाला, "आई, आकाश कुठंय?" तेव्हा मला हर्णेकाकांची ती दप्तरवाली मुलगी आठवली.
तर उत्तर : अर्धा दिवस काढा. पण धागा वाचून जा.

इतिहासाचा_कीडा
यजमानांचा हिशोब बरोबर दिशेने आहे. गढीच्या आधी, १८१० च्या सुमाराला, त्याच किनाऱ्यावर एक छोटं तोफखान्याचं ठाणं होतं. तोफा त्याहूनही जुन्या. त्यांना भेटलात की सांगा, शाबास.

लालबागची_पोर
खोटी गल्ली :( पण आकाश कुठंय... बरं वाटलं वाचून. का ते माहीत नाही.

हर्णे_बंदर
शेवंती, तुंग ताऊ त्सुएन रोडवर गेला होतात का? कवळ्या आहेत का अजून काचेमागे?

शेवंती_७९
काका, बागेच्या कडेने चाललो त्या रस्त्याने. तुमच्या इमारतींच्या भिंतीच्या जागी आता बागेचा तट आणि झाडं आहेत. कवळ्या काही दिसल्या नाहीत.

मिरजेची_सतार
सगळं झालं, जेवणाचं कोणीच बोललं नाही. तिथे थायी लोकांची वस्ती आहे ना? शाकाहारी काय मिळालं?

शेवंती_७९
तीन हॉटेलं पालथी घातली. सगळीकडे फिश सॉस. शेवटी साधा भात, आणि आईच्या पर्समधली लसणाची चटणी. शेजारच्या टेबलावरच्यांनी वास घेऊन विचारलं, हे मेनूत कुठे आहे?